काशी-प्रयाग-अयोध्येच्या यात्रेत पोट जागेवर ठेवायचं तर

आठ-दहा दिवसांच्या यात्रेत पोटाच्या दोन तक्रारी हमखास निघतात. आधी तीन-चार दिवस पोट साफ होत नाही, आणि पुढे कधीतरी बाहेरचं काही बाधून जुलाब लागतात. जुलाबांची धास्ती सगळ्यांनाच असते, त्यावरच्या गोळ्याही पर्समध्ये असतात. पोट अडण्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. संकोच वाटतो, आणि आज नाही तर उद्या होईल असं म्हणून दिवस ढकलले जातात. चौथ्या दिवशी भूक मेलेली असते, डोकं जड असतं, मूळव्याध असेल तर ती उसळलेली असते, आणि बसमध्ये बसवत नाही.

खाली उदाहरण घेतलं आहे महाराष्ट्रातून रेल्वेने वाराणसी आणि पुढे बसने प्रयागराज, अयोध्या या यात्रेचं. दक्षिण भारत किंवा राजस्थानच्या सहलीलाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. औषधं लागतातच, पण त्यांच्याआधी सकाळचा पाऊण तास राखायला हवा. सहलीचं वेळापत्रक कितीही गच्च असलं तरी तो कुणाला द्यायचा नाही.

पोट अडतं कशामुळे

मोठं आतडं दिवसभर सारख्या जोराने काम करत नाही. झोपेत ते मंदावतं, जाग आल्यावर हालचाल वाढते, आणि सकाळी पोटात पहिलं काही गेलं की आणखी जोर धरते. घरी चहा घेतल्यावर थोड्या वेळात जावंसं वाटतं ते म्हणूनच. ही कळ दाबली की बहुतेक वेळा काही मिनिटांत विरते. मळ तिथेच राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि खडा होतो. दुसऱ्या दिवशी कुंथावं लागतं, त्रास होतो, म्हणून माणूस पुन्हा टाळतो.

यात्रेत हे दाबणं रोज घडतं. पाचला बस सुटणार असते, एका खोलीत चौघं आणि संडास एकच, बाहेर कुणीतरी दार वाजवतंय. शिवाय वाटेत स्वच्छ जागा मिळणार नाही म्हणून बायका मुद्दाम पाणी कमी पितात. काशीच्या सहली बहुतेक थंडीत निघतात, तेव्हा तहानही लागत नाही. आणि जेवणात मैदा वाढतो, भाजी-कोशिंबीर कमी होते.

औषधांचाही हात असतो. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, खोकल्यावरची कोडीनयुक्त औषधं, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, आणि गाडी लागू नये म्हणून घेतात त्या प्रोमेथाझिनच्या गोळ्या, या सगळ्यांनी पोट अडतं. गाडी लागण्याची गोळी घाटरस्त्याला ठीक आहे. वाराणसी-प्रयागराज सपाट रस्त्याला ती सवयीने घेऊ नका.

निघण्याआधीचे चार-पाच दिवस

इसबगोल प्रवासात पहिल्यांदा घ्यायचं नाही. सवय नसलेल्या पोटात त्याने सुरुवातीला वायू धरतो आणि बसमध्ये पोट फुगून जीव नकोसा होतो. निघायच्या चार-पाच दिवस आधी घरीच सुरू करा. पहिले दोन दिवस रात्री एक चहाचा चमचा, नंतर दोन. पेलाभर, म्हणजे २०० ते २५० मिलीलिटर कोमट पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, त्याची खीर होऊ द्यायची नाही. त्यावर आणखी एक पेला पाणी. लोक चुकतात ते इथेच. इसबगोल पाणी धरून फुगतं, तेच त्याचं काम. पाणी दिलं नाही तर ते आत घट्ट गोळा होऊन उलट अडवतं. इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गिळायला त्रास होणाऱ्यांनी ते घेऊ नये. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

त्रिफळा चूर्ण रोज घेणाऱ्यांनी तेच चालू ठेवावं, नवा प्रयोग नको. बाजारातल्या अनेक तयार चूर्णांत सोनामुखी असते, डब्यावर घटक वाचा. सोनामुखीने आतडं जोरात आवळतं, पोटात मुरडा येतो आणि सहा ते बारा तासांत जावंच लागतं. ती रोज घ्यायची वस्तू नाही.

ज्यांना घरीच दोन-तीन दिवस होत नाही, त्यांनी पोट मोकळं करूनच गाडीत बसावं. वयस्कर मंडळींसाठी आणखी एक काम आहे. सहल आयोजकाला खोलीत कमोड आहे का हे लेखी विचारून घ्या. गुडघे दुखणारा माणूस भारतीय पद्धतीचा संडास दिसला की कळ दाबतो आणि कुणाला सांगत नाही.

पिशवीत काय असावं

इसबगोलचा छोटा डबा आणि एक चमचा. ओआरएसची पाकिटं माणशी चार. एक लिटरची स्वतःची बाटली, कारण ओआरएस मोजून करायला तीच लागते. अर्ध्या लिटरचा थर्मास. साबणाची छोटी वडी किंवा कागदी साबण, टिश्यू, आणि नळ नसेल तिथे वापरायला एक रिकामी बाटली. डॉक्टरांना विचारून बिसाकोडिलच्या (पोट साफ होण्याच्या) ५ मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल तर ग्लिसरीनच्या, गुदद्वारात सरकवायच्या, दोन-तीन बत्त्याही ठेवा. त्या उन्हात वितळतात, म्हणून कपड्यांच्या मधोमध ठेवायच्या. मुलं बरोबर असतील तर जुलाबांसाठी झिंकच्या गोळ्या किंवा सिरप, मात्रा मुलांच्या डॉक्टरांकडून लिहून घेऊन.

रेल्वेतले पहिले चोवीस तास

मुंबई-पुण्याहून वाराणसी म्हणजे एक दिवस-रात्र गाडीतच जाते. पहिल्या जेवणाला घरची पोळी आणि सुकी भाजी चालते, पण बटाट्याची भाजी, ओलं खोबरं आणि कांदा घातलेलं काहीही त्याच दिवशी दुपारपर्यंत संपवा. भात नेऊ नका. शिजवलेला भात गरम हवेत तासन्‌तास राहिला की त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचं विष तयार होतं आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही. दुसऱ्या दिवसासाठी दशमी उत्तम. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलं आणि दशम्या दोन्ही बाजूंनी नीट भाजून पूर्ण गार झाल्यावर बांधल्या, तर दोन दिवस मऊ राहतात. गरम असताना डब्यात भरल्या की आत वाफ धरते आणि बुरशी येते. सोबत शेंगदाण्याची किंवा तिळाची कोरडी चटणी. फुटाणे, खजूर, काळ्या मनुका आणि न कापलेली फळं हाताशी ठेवा. चिवडा-शेव फिरवत बसलं की भूक मरते आणि खरं जेवण राहतं.

पाणी मोठा पेला भरून एकदम पिण्यापेक्षा दर तासाला अर्धा पेला प्या. रात्री सारखं उठावं लागू नये असं वाटत असेल तर दिवसाचं बहुतेक पाणी संध्याकाळी सातच्या आत संपवा, कमी करू नका.

डब्यातला संडास पहाटे पाचच्या सुमारास सगळ्यांत बरा असतो. साडेसहानंतर रांग लागते आणि पाणीही संपायला लागतं. आता डब्यांत बायो-टॉयलेट आहेत. त्यात टिश्यू, पॅड, बाटली टाकली की तुंबतं आणि मग त्या बाजूचा संडास सगळ्यांसाठीच बंद होतो. चहासाठी गरम पाणी थर्मासमध्ये भरून न्या. चार्जिंगच्या सॉकेटला केटल लावायला रेल्वेची मनाई आहे.

रोजची सकाळ

बस सुटण्याच्या वेळेपासून मागे मोजा. सहाची बस असेल तर उठायचं साडेचारला. खोलीतल्या माणसांनी आदल्या रात्रीच क्रम ठरवून घ्यावा, ज्याला जास्त वेळ लागतो तो पहिला. आंघोळी नंतर. आंघोळी आधी उरकायला गेलं की संडास अडतो आणि ज्याला कळ आली तो दाबून बसतो. हा एक नियम पाळला तरी निम्मी यात्रा सुखाची होते.

१. उठल्याबरोबर थर्मासमधलं कोमट पाणी, एक ते दीड पेला, बसून सावकाश.

२. लगेच चहा किंवा कॉफी, आणि त्याबरोबर काहीतरी खाणं. एक केळं, दशमीचा तुकडा, दोन खजूर, काहीही. नुसत्या पाण्यापेक्षा खाण्याने आतड्याला जास्त चालना मिळते. चहाने पोट कोरडं पडतं ही समजूत चुकीची आहे. दिवसाला तीन-चार कपांनी तसं होत नाही, आणि सकाळचा कप तर मदतच करतो.

३. खोलीत किंवा व्हरांड्यात दहा मिनिटं चालणं.

४. कळ आली नसली तरी ठरल्या वेळी जाऊन बसणं, फार तर दहा मिनिटं. मोबाइल बाहेर ठेवा. कुंथायचं नाही. श्वास रोखून जोर लावला की मूळव्याधीवर ताण येतो, आणि रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांना चक्कर येऊ शकते. झालं नाही तर उठा, नाश्त्यानंतर पुन्हा बसा.

कमोडवर पाय सपाट ठेवून बसलं की आतड्याचा शेवटचा भाग वाकलेला राहतो आणि वाट अरुंद होते. उकिडवं बसल्यावर तो बराच सरळ होतो. म्हणून कमोडवर बसताना पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचं काहीतरी घ्या. लॉजमध्ये आंघोळीसाठी प्लास्टिकचा छोटा पाट असेल तर तो घ्या. गुडघे कंबरेच्या वर, अंग थोडं पुढे झुकवलेलं, कोपरं मांड्यांवर आणि पोट सैल.

काशी विश्वनाथाची मंगला आरती पहाटे तीनला सुरू होते, त्यासाठी मध्यरात्रीनंतर लगेच बाहेर पडावं लागतं. त्या दिवशी हा क्रम जमणार नाही, जमवायचा प्रयत्नही करू नका. आरतीनंतर परत येऊन गरम चहा-नाश्ता करा आणि मग निवांत बसा. नाश्त्यानंतरची संधी ही दुसरी, आणि तीही भरवशाची असते. त्या दिवशी पहाटेच्या नौकाविहाराचा घाट घालू नका. लांब रांगेच्या दर्शनाला जाण्याआधी कळ असेल तर आधी मोकळं व्हा. रांगेतून बाहेर पडता येत नाही, आणि दोन-तीन तास दाबून धरलं की त्या दिवशीचं गेलंच.

तिकडे काय खावं

बनारसचा नाश्ता म्हणजे कचोरी-भाजी आणि जिलबी. कढईतून निघालेली गरम कचोरी जंतूंच्या दृष्टीने बऱ्यापैकी सुरक्षित असते. ती चाखावी, पण रोज चार कचोऱ्यांवर सकाळ भागवली तर तिसऱ्या दिवशी पोट संपावर जाणार. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतू (फायबर) लागतात आणि मैद्यात ते नावापुरते असतात.

त्या भागात यावर दोन सुंदर उपाय आहेत. थंडीत प्रयागराजचे पेरू मिळतात. लाल सालीचा सुर्खा पेरू तर तिथली ओळखच आहे. रोज एक-दोन पेरू स्वच्छ पाण्याने धुऊन, सालीसकट, बिया फार न चावता खाल्ले की बराच तंतू पोटात जातो. गाडीवर कापून मीठ-मसाला लावून देतात तो घेऊ नका, सुरी आणि पाणी कुठलं ते कळत नाही. दुसरं सत्तू. भाजलेल्या हरभऱ्याचं हे पीठ पूर्व उत्तर प्रदेशात घरोघरी असतं. पाव किलो विकत घ्या आणि आपल्या बाटलीतल्या पाण्यात दोन-तीन चमचे सत्तू, मीठ, लिंबू घालून प्या. रस्त्यावरचं सत्तूचं सरबत टाळा, त्यात पाणी आणि कच्चा कांदा त्यांचा असतो. सत्तू भरलेली लिट्टी, म्हणजे कणकेचा भाजलेला गोळा, निखाऱ्यावरून थेट पानात येत असेल तर बिनधास्त घ्या.

यात्रेत एकादशी आली तर साबुदाण्यावर दिवस काढू नका. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, तंतू जवळजवळ शून्य. वर बटाटा आणि तळलेलं. रताळं, राजगिरा, फळं आणि दाणे यांवर उपास केला तर दुसऱ्या दिवशीची सकाळ वाया जात नाही.

कच्ची कोशिंबीर, हिरवी चटणी, बर्फ घातलेली लस्सी, पाणीपुरीचं पाणी, कापलेली फळं हे सगळं बाहेर टाळा. कुल्हडमधलं घट्ट ताजं दही, बर्फाशिवाय, त्यापेक्षा बरं. हॉटेलात उत्तम दिसणाऱ्या बुफेतला कोमट झालेला पदार्थ हा रस्त्यावरच्या उकळत्या भाजीपेक्षा जास्त धोक्याचा असतो. वाफ येत नसेल तर वाढून घेऊ नका.

पाणी, तीर्थ आणि हात

सीलबंद बाटली घेताना झाकण फिरवल्यावर खालची कडी तुटते का ते पाहा. नुसतंच फिरलं तर परत द्या. खोलीत केटल असेल तर पाणी खळखळून एक मिनिट उकळा, झाकून गार करा. दात घासायलाही तेच पाणी वापरा.

गंगास्नानाबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण यात श्रद्धेचा मुद्दा आहे आणि आरोग्याचाही. नदीचं पाणी आंघोळीला योग्य ठरवताना आपल्याकडे १०० मिलीलिटरमागे विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्म जिवाणूंची कमाल मर्यादा २५०० धरतात. पिण्याच्या पाण्यात ती संख्या शून्य हवी. म्हणजे स्नानाला योग्य ठरलेलं पाणीसुद्धा पिण्यायोग्य नसतं. डुबकी मारताना तोंड घट्ट मिटा, आचमन ओठांना लावण्यापुरतं करा, लहान मुलांना ओंजळीतलं पाजू नका. घरी नेण्यासाठी भरलेलं गंगाजल पूजेसाठी ठेवा.

जेवणाआधी साबणाने वीस सेकंद हात धुवा. सॅनिटायझर हा साबण नसतानाचा पर्याय आहे. हात धुळीने, चिखलाने किंवा तेलाने माखलेले असतील तर तो नीट काम करत नाही, आणि उलट्या-जुलाबांच्या काही विषाणूंवर तर त्याचा असर फारच कमी.

तीन दिवस झालं नाही तर

दुसऱ्या दिवशी पाणी वाढवा, पेरू आणि खजूर वाढवा, अर्धा तास जास्त चाला. तिसऱ्या रात्री बिसाकोडिलची एक गोळी. ती सहा ते बारा तासांत काम करते, म्हणून सकाळी लांबचा बसप्रवास असेल त्या रात्री घेऊ नका, मुक्कामाच्या दिवसाची आदली रात्र निवडा. गोळी अख्खी गिळायची, आणि दूध किंवा अँटासिडबरोबर नाही. त्यांनी गोळीवरचं आवरण जठरातच विरघळतं आणि पोटात कळा येतात. मळ अगदी तोंडाशी येऊन अडला असेल तर गोळीपेक्षा ग्लिसरीनची बत्ती बरी, पंधरा मिनिटं ते तासाभरात मोकळं होतं. एरंडेल प्रवासात नको, त्याने कधी आणि किती होईल याचा नेम नाही. बरेच दिवस अडलेल्या पोटावर इसबगोलचा भार टाकायचा नाही, आधी वाट मोकळी व्हायला हवी.

वयस्कर माणसाबाबत एक गोष्ट घरच्यांनी ध्यानात ठेवावी. चार-पाच दिवस काही झालेलं नाही आणि मग अचानक थोडं थोडं पातळ होतंय, कपडे खराब होताहेत, तर ते जुलाब असतीलच असं नाही. आत मोठा खडा अडकून त्याच्या बाजूने पातळ मळ झिरपत असू शकतो. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली तर प्रकरण चिघळतं. डॉक्टरांना दाखवा.

जुलाब लागले तर

सगळ्यात आधी ओआरएस. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, छोटं ४ ग्रॅमच्या आसपासचं २०० मिलीलिटरमध्ये. मोठं पाकीट पेल्यात ओतून देणं ही नेहमीची आणि धोक्याची चूक आहे. जास्त क्षार आणि साखरेने जुलाब व उलट्या वाढतात. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का ते पाहा, गोड तयार पेयं हा त्याला पर्याय नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा सपाट म्हणजे सपाटच, मीठ वाढलं की अपाय होतो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून कॉलऱ्याच्या रुग्णांचे प्राण वाचवले होते.

प्रौढाने प्रत्येक जुलाबानंतर २०० ते ४०० मिलीलिटर ओआरएस घ्यावं, दोन ते दहा वर्षांच्या मुलाने १०० ते २००, त्याहून लहानाने ५० ते १००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करा. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्या. उपाशी राहू नका. मऊ भात, मुगाची खिचडी, दही-भात, केळं, तांदळाची पेज चालते. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करायचं नाही.

लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी फक्त प्रौढांनी, तीही ताप नसताना आणि शौचात रक्त नसताना, बसप्रवास टाळताच येत नसेल तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. मुलांना देऊ नये. दुकानदाराने दिलेलं अँटिबायोटिक अंदाजाने सुरू करू नका. मधुमेह, रक्तदाब किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील आणि जुलाब-उलट्या जोरात असतील तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना फोन करा, अशा वेळी काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात.

शौचात रक्त, काळं डांबरासारखं शौच, १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, सहा-आठ तास लघवी नाही, मूल मलूल होऊन डोळे खोल गेलेले, किंवा पोट फुगून उलट्या होताहेत आणि वायूही सरत नाही, यातलं काहीही दिसलं तर पुढचं दर्शन सोडून दवाखाना गाठा. तिकडेही १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते. चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो निघतानाच मोबाइलमध्ये घेऊन ठेवा आणि ते डॉक्टरांना दाखवा.

घरी आल्यावर इसबगोल एकदम बंद न करता तीन-चार दिवसांत कमी करत आणा. दोन आठवडे उलटूनही पातळच होत असेल, पोट गुरगुरत असेल, वजन उतरत असेल तर शौचाची तपासणी करून घ्या. दूषित पाण्यातून आलेले जिआर्डियासारखे परजीवी आपले आपण जातीलच असं नाही, त्यांना वेगळं औषध लागतं.